लोणच्याच्या बरणीतले तीन हजार

ताई, नमस्कार.

आम्ही पाच जण दर शनिवारी दुपारी दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माळ्यावर टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन फाशांच्या जोरावर गोष्ट रचतो. दिवाळीत पुण्याचा आतेभाऊ आला होता. त्याने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' शिकवलं, तीन डाव चालवले आणि आपली पुस्तकं घेऊन परत गेला. आता खेळ चालवायचं, म्हणजे सूत्रधाराचं, काम माझ्याकडे आलंय आणि माझ्याजवळ एकही नियमपुस्तक नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आम्ही तीन हजार रुपये साठवलेत. एक मित्र म्हणतो, नियम नेटवर फुकट मिळतात, पैसे कशाला घालवायचे? दुसरा म्हणतो, फुकटचं ते अर्धवट, खेळायचं तर खेळाडूंचं, सूत्रधाराचं आणि राक्षसांचं अशी तिन्ही खरी पुस्तकं डिजिटल विकत घ्या. तिसऱ्याने पेनड्राइव्हच आणून दिलाय. त्यात सहाशेच्या वर पुस्तकं आहेत. कुठून आणली ते विचारू नकोस म्हणतो. आमच्यातली सगळ्यात लहान म्हणजे माझी मामेबहीण. आठवीत आहे, गुजराती माध्यमात. तिला इंग्रजी पुस्तक झेपत नाही, पण खेळात सगळ्यात पुढे तीच असते. आम्ही काय घ्यावं? आणि फुकटात खेळणं म्हणजे खरंच अर्धवट खेळणं का?

— माळ्यावरचा सूत्रधार, बडोदा

प्रिय सूत्रधारा,

आधी उत्तर देते, मग कारणं. बरणीला इतक्यात हात लावू नकोस. मोफत मिळणाऱ्या नियमांवर निदान सहा शनिवार खेळा. मग बरणी उघडा, पण त्या पैशांतून नियम घेऊ नका. तयार साहस घ्या, म्हणजे सूत्रधाराला समोर ठेवून चालवता येईल असं बांधलेलं कथानक. आणि पेनड्राइव्ह ज्याचा आहे त्याला परत दे.

तुझा शेवटचा प्रश्न मला लागला, म्हणून तो पहिल्यांदा घेते. दांडिया बाजारातून मांडवीकडे चालत गेलास की आपली सेंट्रल लायब्ररी आहे. लहानपणी बाबा मला हात धरून तिथे न्यायचे. वरच्या मजल्याच्या काचेच्या लाद्यांवरून चालणाऱ्यांच्या सावल्या खालून दिसायच्या आणि मी पुस्तक सोडून वरच बघत बसायचे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग प्रश्न आला की वाचायला शिकलेली ही मुलं पुढे वाचणार काय? म्हणून १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी वाचनालयांचं जाळं उभारलं. जिथे वाचनालय नव्हतं, तिथे पेट्यांत भरून पुस्तकं पाठवली जात. वाचणाऱ्याला दमडी मोजावी लागत नसे. पण ती पुस्तकं विकत घेतलेली होती. लिहिणाऱ्याचे, छापणाऱ्याचे, बांधणी करणाऱ्याचे पैसे दुसऱ्या कुणीतरी आधीच चुकते केले होते. त्या पेटीतलं पुस्तक वाचणाऱ्या खेड्यातल्या पोराला कुणी अर्धवट वाचक म्हणेल का?

म्हणून एखादं नियमपुस्तक मोफत आहे असं कळलं, की मी एवढंच बघते की ते कुणी दिलं आणि का दिलं. तुमच्या टेबलावर आलेलं फुकट एका जातीचं नाही. काही प्रकाशकाने स्वतःच्या हिताचा विचार करून दिलेलं आहे, काही लेखकाने मनापासून दिलेलं आहे, आणि पेनड्राइव्हवरचं कुणीच दिलेलं नाही.

पहिल्या प्रकारचा इतिहास तुला माहीत असलेला बरा. तुमचा हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. पुढे तो विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेला. २००० साली, तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी, कंपनीने नियमांचा गाभा 'सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट' (एसआरडी) या नावाने खुला केला आणि सोबत 'ओपन गेम लायसन्स' नावाचा परवाना दिला. त्यामागे व्यापारी हिशोब होता आणि त्यात काही वाईट नव्हतं: इतरांनी या नियमांवर कथानकं लिहावीत, खेळणारे वाढावेत, आणि त्यांनी मूळ पुस्तकं घ्यावीत. २०२३ च्या जानेवारीत कंपनीने तो परवाना बदलायचा घाट घातला. मसुदा बाहेर फुटला, खेळणाऱ्यांनी आणि छोट्या प्रकाशकांनी रान उठवलं, आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेऊन एसआरडी ५.१ हा सगळा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही वापरू देणाऱ्या, परवान्याखाली देऊन टाकला. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. ४०३ पानांची ती पीडीएफ तू आज उतरवून घेतलीस तर ती कायमची तुझी. पुढे २०२४ चे नवे नियम आले, तेव्हा त्यांच्यावर बेतलेला एसआरडी ५.२ सुद्धा एप्रिल २०२५ मध्ये याच परवान्याने खुला झाला.

आतेभावाला फोन करून एवढंच विचार की त्याची पुस्तकं २०१४ ची आहेत की २०२४ ची. २०१४ ची असतील तर ५.१ घे, नवी असतील तर ५.२. दोन्हींची सरमिसळ केलीत तर पहिल्याच लढाईत वाद होतील.

त्यात काय नाही तेही सांगते, कारण तुझ्या दुसऱ्या मित्राच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. योद्धा, जादूगार, चोर असे पात्रांचे बाराही वर्ग त्यात आहेत, पण प्रत्येकाची एकेकच उपशाखा. विकतच्या २०२४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये प्रत्येकाच्या चार, म्हणजे एकूण ४८. पात्राची पार्श्वभूमी ५.२ मध्ये चार तऱ्हांची, विकतच्या पुस्तकात सोळा तऱ्हांची. बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअरसारखे नावाजलेले राक्षस मोफत नियमांत नाहीत, ते कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेत. पण तू सूत्रधार, म्हणजे खेळणारे चौघं. चौघांना बारांपैकी चार वर्ग लागतील. सहा शनिवारांत तुम्हाला यातल्या कशाचीही उणीव भासणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. एसआरडी पंचांगासारखं आहे. त्यात सगळं असतं, पण ज्याला बघता येतं त्यालाच सापडतं. खेळ कसा सुरू करायचा, पहिलं दृश्य कसं उभं करायचं, दोन खेळाडू एकदम बोलायला लागले तर काय करायचं, हे त्यात शिकवलेलं नाही. ते दुसऱ्या सूत्रधारांसाठी आणि लेखकांसाठी लिहिलेलं आहे. तुझ्यासारख्या नव्या माणसाने डी अँड डी बियॉन्ड या कंपनीच्याच संकेतस्थळावरचे मोफत नियम आधी वाचावेत, त्यांची मांडणी शिकणाऱ्याच्या सोयीची आहे. एसआरडीची पीडीएफ लॅपटॉपवर शोधाशोधीला उघडी ठेव. तीन डाव तू स्वतः खेळलेला आहेस, तेव्हा तुझा पाया कोरा नाही.

आता दुसरं फुकट, लेखकाने मनापासून दिलेलं. हे मला सगळ्यात जवळचं. 'केर्न' नावाचा योखाई गाल यांचा एक छोटा खेळ आहे. जंगल, पडके वाडे, हावरे भूत-पिशाच्च, असा त्याचा बाज. पहिल्या आवृत्तीचे नियम जेमतेम २४ पानांचे, मोफत. वर्ग नाहीत, सामानाच्या दहा खणांत तू काय वाहतोस त्यावरून तू कोण ते ठरतं. लढाईत नेम लागला की नाही यासाठी दान टाकावंच लागत नाही, थेट किती लागलं एवढंच बघायचं. आठवीतल्या मुलीला हे अर्ध्या तासात समजतं. शॉन टॉमकिन यांचा 'आयर्नस्वॉर्न' २०१८ साली असाच मोफत आला. तो एकट्याला खेळता येतो आणि सूत्रधाराशिवाय सगळ्यांना मिळूनही खेळता येतो, त्यामुळे तू आजारी पडलास तरी शनिवार बुडत नाही. त्यांनी पुढचा 'स्टारफोर्ज्ड' विकत ठेवला, आणि पहिला मोफत खेळून प्रेमात पडलेल्या लोकांनी तो घेतला. तुमच्यापैकी कुणाला भुताखेतांची गोष्ट हवी असेल तर 'कॉल ऑफ क्थुल्हू'चं 'क्विक-स्टार्ट' प्रकाशक मोफत देतो. त्यात 'द हाँटिंग' नावाचं पूर्ण कथानक आहे, आणि ते मुळात १९८१ च्या पहिल्या पुस्तकापासून चालत आलेलं आहे. एका पावसाळी संध्याकाळी वीज गेलेली असताना आम्ही ते मेणबत्तीच्या उजेडात खेळलो होतो. जिन्यावर पाऊल वाजलं तेव्हा चौघांपैकी तिघं उठून उभे राहिले.

'पाथफाइंडर'ची गोष्ट अजून निराळी. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे अक्षरशः सगळे नियम 'आर्काइव्हज ऑफ नेथिस' या संकेतस्थळावर मोफत आहेत, तेही प्रकाशक पेझोच्या संमतीने. तरी त्यांची पुस्तकं विकली जातातच, कारण चित्रं, त्या जगाच्या गोष्टी आणि बांधलेली साहसं लोकांना हवी असतात. पण तो खेळ बारीक नियमांचा आहे. तुमच्या टेबलावर आठवीतली मुलगी आहे तोवर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मामेबहिणीचा प्रश्न तू पत्रात मध्येच लिहून पुढे गेलास. माझ्या मते तुमचा निर्णय त्याच एका वाक्यावर ठरायला हवा. बडोद्यातल्या आपल्या कितीतरी घरांत बोलायची भाषा मराठी आणि वाचायची गुजराती. पोरगी घरी आईशी मराठी बोलते, शाळेत गुजराती लिहिते, आणि तिसऱ्याच भाषेतलं चारशे पानी पुस्तक तिच्यासमोर ठेवून आपण म्हणतो, वाच आणि पात्र बनव. ती न वाचताही पुढे आहे, यावरून तिची कुवत कळते. इथे खुल्या परवान्याच्या नियमांना विकतची पुस्तकं गाठू शकत नाहीत. एसआरडीचा परवाना सांगतो की श्रेय द्या आणि हवा तसा अनुवाद करा, छापा, वाटा, अगदी विकासुद्धा. कंपनीने स्वतः २०२३ साली एसआरडी ५.१ फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये दिलं. मराठी-गुजरातीत ते तू करायचंस. 'केर्न'च्या मजकुरालाही अनुवादाची परवानगी आहे. अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि तुमचा अनुवाद त्याच परवान्याखाली इतरांना खुला ठेवायचा. विकतच्या पुस्तकाचा अनुवाद करून वाटायला मात्र प्रकाशकाची परवानगी लागते.

चारशे पानं करायला मी सांगत नाही. पात्राचा कागद आणि पाठपोट एका पानावर मावतील एवढे नियम, बस. आमच्या टेबलावर गेली बारा वर्षं जे शब्द रुळलेत ते देते, पटले तर घे. फासे टाकणं म्हणजे 'दान'. सोंगट्या-सारीपाटापासूनचा आपला शब्द आहे, 'रोल' म्हणायची गरजच पडत नाही. हिट पॉइंट म्हणजे 'जीव'. "तुझा जीव किती उरला?" असं विचारलं की टेबल आपोआप शांत होतं. इनिशिएटिव्ह म्हणजे 'पाळी'. आर्मर क्लास म्हणजे 'कवच'. सेव्हिंग थ्रो, म्हणजे अंगावर आलेल्या संकटातून सुटायला टाकायचं दान, यासाठी आम्ही कितीतरी दिवस अडलो होतो. 'बचाव' म्हटलं की ढाल पुढे केल्यासारखं वाटायचं, आणि विष अंगात भिनत असताना ढालीचा काय उपयोग? शेवटी आमच्यातल्या एका आजींनी, त्या नातवाला घ्यायला आल्या होत्या, दारातूनच विचारलं, "मग लागला का निभाव?" तेव्हापासून तो 'निभाव'. विषाचा निभाव, भीतीचा निभाव, आगीचा निभाव. हे शब्द मामेबहिणीबरोबर बसून ठरव. गुजरातीत लिहायचे असतील तर तसे लिही. तिने स्वतः केलेला कागद ती कुणाच्या मदतीशिवाय वाचेल.

विकतच्या बाजूला येते. दुसऱ्या मित्राचा बेत आधी बरणीशी ताडून बघ. डी अँड डी बियॉन्डवर २०२४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'ची डिजिटल किंमत २९.९९ डॉलर. डॉलर नव्वद रुपये धरला तर एक पुस्तक २,७०० रुपयांच्या घरात, आणि तिन्ही मिळून आठ हजारांच्या वर. म्हणजे बरणीत एकच पुस्तक बसतं, तेही बँकेचा चलनबदलाचा आकार धरून जेमतेम. आणि ते तुझ्या एकट्याच्या खात्यावर येणार. चौघांना आपापल्या फोनवर वाचायला द्यायचं तर वर्गणी भरून वाटणीची सोय वेगळी घ्यावी लागते.

पैशांपेक्षाही तू विचारायला हवास असा प्रश्न म्हणजे हातात काय पडतं. तिथे तुला पीडीएफ मिळत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर आणि ॲपमध्ये वाचायची परवानगी मिळते. वापरायला ते सोयीचं आहे, नियमावर बोट ठेवलं की अर्थ उघडतो, पात्राचा हिशोब आपोआप होतो. पण ते पुस्तक तुझ्या कपाटात नाही, त्यांच्या कपाटात आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये याच कंपनीने चोरीच्या प्रतींचं कारण देऊन आपल्या पीडीएफची विक्री एका दिवसात थांबवली होती. ज्यांनी पैसे भरले होते पण फाइल उतरवून ठेवली नव्हती, त्यांना ती पुन्हा उतरवता आली नाही. पीडीएफची विक्री परत सुरू व्हायला २०१३ उजाडलं. म्हणून माझा नियम आहे की पीडीएफ घेतली त्याच दिवशी ती दोन जागी ठेवायची, आणि जे फक्त खात्यावर दिसतं त्याला वर्गणी समजायचं, खरेदी समजायचं नाही. वर्गणी भरण्यात गैर काही नाही. मात्र बरणी पाच जणांची आहे, आणि पाच जणांच्या पैशांतून आलेली वस्तू पाच जणांच्या हाती लागेल अशी हवी.

मग साहसच का? सूत्रधाराचा वेळ कुठे जातो ते बघ. नियम एकदा शिकलास की शिकलास. पण दर शनिवारी नवी जागा, नवी माणसं, नकाशा, कोडं, खलनायकाचं म्हणणं, हे सगळं तुला उभं करावं लागणार, आणि कॉलेजची परीक्षा काही थांबणार नाही. चांगल्या बांधलेल्या साहसात दुसऱ्या कुणाच्या कित्येक महिन्यांच्या रात्री साठवलेल्या असतात. खेळाडू ठरलेल्या वाटेने गेले नाहीत तर काय, हे त्याने आधी खेळवून पाहिलेलं असतं. नियमांचा मजकूर मोफत मिळतो, पण ही मेहनत सहसा मोफत मिळत नाही, आणि मिळू नये असंच मला वाटतं. छोट्या लेखकांची साहसं पाच-दहा डॉलरला मिळतात. तुमच्या बरणीत तशी तीन सहज बसतील, आणि एकेक तुम्हाला महिना-दीड महिना पुरेल.

घेण्यापूर्वी दुकानातल्या पानावरचा नमुना उघडून बघ, तोही फोनवर बघ. बहुतेक पुस्तकं दोन रकान्यांत मांडलेली असतात. सहा इंची पडद्यावर ती वाचताना डावीकडून उजवीकडे, खालून वर, असं बोट फिरवत बसावं लागतं आणि टेबलावरची सगळी गोष्ट विझते. नकाशे वेगळ्या फाइलमध्ये आहेत का, खेळाडूंना दाखवायचा नकाशा आणि सूत्रधाराचा नकाशा निराळा आहे का, हे बघ. साहस छोटं असेल तर फतेगंजच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आण. कागदावर पेन्सिलने खुणा करता येतात आणि चार डोकी एकदम वाकून बघू शकतात.

पैसे भरताना बहुधा पहिल्या वेळी कार्ड नाकारलं जाईल. घाबरू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० च्या ऑक्टोबरपासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरापुरती चालू असतात, परदेशी ऑनलाइन खरेदी आपल्याला बँकेच्या ॲपमधून सुरू करावी लागते. मर्यादा तेवढ्यापुरती ठेव आणि खरेदी झाली की पुन्हा बंद कर. मार्चच्या सुरुवातीला, ४ तारखेच्या 'गेम मास्टर्स डे'च्या सुमारास, आणि जुलैमध्ये ड्राइव्हथ्रूआरपीजी या खेळपुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात सवलती लागतात. घाई नसेल तर तोवर थांब. तिथे आणि इच डॉट आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात पुष्कळ लेखक 'जमेल तेवढं द्या' असं ठेवतात. शून्य भरून घे, खेळ, आवडलं तर परत जाऊन भर. लेखकाने स्वतःच ती मुभा दिलेली असते, त्यात संकोच कसला? इचवर काही जण ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी 'कम्युनिटी कॉपी' म्हणून प्रती राखून ठेवतात. तुमच्याकडे बरणी आहे, तेव्हा त्या तुमच्यासाठी नाहीत. मामेबहिणीच्या वर्गातल्या कुणाला उद्या खेळ सुरू करायचा असेल तर तिला जरूर सांगा.

एकगठ्ठा खरेदीपासून जप. २०२० च्या जूनमध्ये इचवर वांशिक न्यायाच्या चळवळीला मदत म्हणून एक मोठा गठ्ठा निघाला होता. किमान पाच डॉलर, आणि आत १,७०० हून जास्त गोष्टी. मदत म्हणून दिलेले पैसे मला आजही योग्य वाटतात. पण त्यातले खेळ मी किती खेळले? चार. बाकीच्या फाइली बघून मन भरून यायचं आणि शनिवार आला की कशाने सुरुवात करावी ते सुचायचं नाही. सहाशे पुस्तकांच्या पेनड्राइव्हने तुझं हेच होणार आहे.

त्या पेनड्राइव्हबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. मित्र वाईट नाही, त्याला टोळी खेळती ठेवायची आहे, हे मला कळतं. पण या धंद्यात मोठ्या कंपन्या थोड्या. बाकीची पुस्तकं एकेकट्या माणसांनी नोकरी सांभाळून लिहिलेली असतात, आणि एखाद्या लेखकासाठी महिन्यात खपलेल्या दहा प्रती ही मोठी गोष्ट असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो, तो भारतात बसून उतरवलं म्हणून संपत नाही. त्याच वेळी कायदा तुला एक मोठी मोकळीक देतो, ती वापर. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती ज्या शब्दांत आणि रूपात मांडली त्यावर असते. वीस पैलूंचा फासा टाकून त्यात अंगचं कसब मिळवायचं, ही कल्पना कुणाच्याही बापाची नाही. म्हणजे टोळीत एकाने पुस्तक रीतसर घेतलं, नीट वाचलं, आणि स्वतःच्या शब्दांत टिपणं काढून बाकीच्या चौघांना दिली, तर तो त्याचा स्वतःचा कागद झाला. 'नवा व्यापार' या पटावरच्या खेळाचे नियम आपण सगळे असेच शिकलो. मूळ कागद कधीच हरवलेला असायचा, आणि मोठी बहीण सांगेल तो नियम. फाइल मात्र ग्रुपवर टाकू नका. काही प्रकाशक, उदाहरणार्थ पेझो, पीडीएफच्या पानावर घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल छापतात, आणि ती फिरत फिरत कुठे जाईल ते तुमच्या हाती राहत नाही.

पेनड्राइव्ह परत देताना मित्राला चौघांदेखत बोलू नकोस. एकट्याला सूरसागरच्या काठी गाठ, सेव-उसळ खाऊ घाल, आणि त्याला एक काम दे: सहा शनिवारांनंतर कुठलं साहस घ्यायचं ते शोधायची जबाबदारी त्याची. ज्याने सहाशे पुस्तकं जमवली त्याला काय चांगलं ते ओळखण्याची नजर नक्की असेल. नमुने वाचून त्याने तीन निवडावीत, आणि त्यातलं एक पाच जणांनी मिळून ठरवावं.

या शनिवारपुरतं सांगायचं तर आतेभावाला फोन, योग्य एसआरडीची पीडीएफ लॅपटॉपवर आणि आणखी एका जागी, आणि शुक्रवारी संध्याकाळी मामेबहिणीबरोबर तासभर बसून पात्रांचे चार कागद. 'निभाव'ला तिला दुसरा शब्द सुचला तर मला लिहून कळव. गुजरातीत असला तरी चालेल.

तुझी,
ताई